माझ्या सल्ल्यांनी लांबलेला खटला

नोटीस घ्यायची नाही, हा सल्ला माझा होता. धाकटी बहीण लहानग्या मुलाला घेऊन माहेरी आली, त्याला काही महिने झाले होते. जावई पैनगंगेपलीकडचा, यवतमाळ जिल्ह्यातला. एका दुपारी पोस्टमन रजिस्टर पाकीट घेऊन दारात आला. पाकिटावर पलीकडच्या तालुक्याच्या न्यायालयाचा शिक्का होता. बहीण सही करायला पुढे झाली तेव्हा मी तिला थांबवलं. घेतलीच नाही तर मिळालीच नाही, असं मी तिला ठासून सांगितलं. पोस्टमनने 'घेण्यास नकार' असा शेरा मारला आणि पाकीट परत नेलं.

मी तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षक आहे. बेला, जैनद, तामसी, भीमपूर या पट्ट्यात घराघरांत मराठी बोलतात, आणि अर्ज, तक्रार, बँकेचं पत्र असं काही लिहायचं असलं की लोक मास्तराकडे येतात. त्यामुळे कायदाही आपल्याला थोडाफार कळतो, असा माझा समज झाला होता. नाकारलेली नोटीस बजावलीच असं न्यायालय धरतं, एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. पाकीट परत गेलं, आमच्याकडून कोणी हजर झालं नाही, आणि तिकडे एकतर्फी हुकूम झाला. तो रद्द करून घ्यायला हुकुमाच्या तारखेपासून ३० दिवसांची मुदत असते; नोटीस रीतसर बजावली नसेल तरच ती कळल्यापासून मोजतात. आम्हाला हुकूम कळला तोच दुसऱ्या प्रकरणात त्याच्या वकिलाने समोर ठेवला तेव्हा. मग धावपळ करून अर्ज दिला, पण उशिराचं कारण काय सांगणार? नकाराचा शेरा असलेलं पाकीट तिथल्या कागदपत्रांत लावलेलं होतं.

दावा होता हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली, म्हणजे बायकोने नांदायला यावं म्हणून. ज्या घरात तिला मारहाण झाली, त्याच घरात तिने परत जावं असा हुकूम तो माणूस न्यायालयाकडे मागत होता. आणि तिला परत नेणं हा त्याचा हेतूही नव्हता. तिला न्यायला तो एकदाही आमच्या दारात आला नाही. त्याला हवा होता तो कागद, ज्यावर लिहिलेलं असेल की बायको सबळ कारण नसताना घर सोडून गेली. त्या कागदाचे उपयोग पुढे एकेक करून कळत गेले. पोटगीच्या अर्जाला उत्तर म्हणून त्याने तोच दाखवला, कारण सबळ कारणाशिवाय वेगळी राहणारी बायको पोटगी मागू शकत नाही, असं पोटगीच्या कलमातच आहे. आणि हुकूम होऊन वर्षभर नांदणं झालं नाही, एवढ्या आधारावर त्याने पुढे घटस्फोटही मागितला. घटस्फोट तर माझ्या बहिणीलाही हवाच होता. पण तो तिच्या बाजूने, झालेल्या छळाची नोंद होऊन मिळायला हवा होता. मिळाला तो तिला दोषी ठरवून.

नंतर मी या कलमाबद्दल वाचत गेलो तेव्हा रखमाबाईंचा खटला नव्याने समजला. शाळेत आम्ही रखमाबाईंना डॉक्टर म्हणून शिकवतो. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीवर दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबईत असाच दावा लावला होता. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलानंतर प्रकरण पुन्हा चाललं आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की महिनाभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तुरुंगात जाईन पण तिथे जाणार नाही, असं त्यांनी कळवलं. अखेर १८८८ साली दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला, आणि रखमाबाई वैद्यकी शिकायला लंडनला गेल्या. या हुकुमासाठी बायकोला तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ साली गेली. दावा मात्र राहिला.

आमच्या प्रांताचाही याच्याशी संबंध आहे. कडप्प्याच्या न्यायालयात एका नवऱ्याने लावलेल्या अशाच दाव्यावर १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. ए. चौधरी यांनी कलम ९ घटनाबाह्य ठरवलं होतं. बाईच्या शरीरावर आणि मनावर सरकारचा हुकूम चालू नये, असा त्या निकालाचा गाभा होता. आदिलाबाद तेव्हा त्याच उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत होतं. पुढच्याच वर्षी सरोज राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम पुन्हा वैध ठरवलं. म्हणजे ज्या हत्याराने माझ्या बहिणीवर हुकूम झाला, ते एकदा आमच्या इथे मोडलं होतं, आणि परत जोडून दिलं गेलं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झारखंडच्या एका प्रकरणात एवढं तरी स्पष्ट केलं, की नांदण्याचा हुकूम पाळला नाही म्हणून बायकोची पोटगी आपोआप बंद होत नाही. आमच्या पोटगीच्या पहिल्या अर्जाच्या वेळी हा निकाल नव्हता.

आता दुसऱ्या चुकीकडे येतो. ती मला अजून झोपू देत नाही.

हुकुमाचं कळल्यावर मी चिडलो आणि फिर्याद द्यायचं ठरवलं. छळ सासरी, महाराष्ट्रात झाला असला तरी माहेरी आलेली बाई माहेरच्या पोलिस ठाण्यात फिर्याद देऊ शकते. २०१९ साली रूपाली देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते सांगितलेलं आहे. तिथपर्यंत बरोबर होतं. पण फिर्याद मी लिहिली. बहीण समोर बसली होती, मी एकेक प्रश्न विचारत होतो, आणि तिची उत्तरं मला कमी वाटत होती. ती म्हणाली, सासू मारत नव्हती, फक्त बघत बसायची. मी लिहिलं, सासूने मारलं. नणंद लग्न होऊन दूर गेलेली. तिचंही नाव घातलं, कारण घरातले सगळे अडकले तरच जावई वठणीवर येईल, असं मला ओळखीच्या माणसांनी सांगितलं होतं. तारखाही मीच अंदाजाने टाकल्या. तो मराठी मजकूर ठाण्यात तेलुगूत उतरवला गेला. बहिणीला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. आमच्या भागातल्या पुष्कळ मराठी बायकांचं तसंच आहे. फिर्याद फिर्यादीला वाचून दाखवली पाहिजे असं कायदा सांगतो. तिने मला म्हटलंही, "भाऊ, हे मले एकदा वाचून दाखव नं." आणि मी म्हणालो, मी लिहिलंय ना, कर सही.

उलटतपासणीत त्याच्या वकिलाने मारहाणीला हातच लावला नाही. त्याने नणंदेची तारीख घेतली. त्या दिवशी नणंद बाळंतपणासाठी दवाखान्यात होती, तसे कागद होते. मग त्याने सासूबद्दल विचारलं. माझी बहीण खोटं बोलणारी बाई नाही. तिने शपथेवर खरं सांगितलं, की सासूने हात उचलला नव्हता. मग फिर्यादीत असं का आहे? त्यावर ती काही बोलू शकली नाही. तिच्या मनगटाचं हाड मोडलं होतं, त्याचे दवाखान्याचे कागद होते, शेजारची साक्ष होती. ते सगळं त्या दोन खोट्या ओळींखाली गाडलं गेलं. तो माणूस सुटला आणि सुटल्याचा निकाल त्याने पुढच्या प्रत्येक अर्जाला जोडला. बायका खोट्या केसेस करतात असं म्हणणाऱ्यांच्या हातात मी माझ्या बहिणीचं प्रकरण स्वतः नेऊन दिलं. तिच्याबरोबर झालेलं खरं होतं आणि ते खरं म्हणून सांगायला पुरेसं होतं. मला ते पुरेसं वाटलं नाही.

घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा तेव्हाही होता. त्याखाली बाई जिथे तात्पुरती राहते तिथेही अर्ज करता येतो. संरक्षण, राहण्याची जागा, खर्च, मुलाचा तात्पुरता ताबा, हे सगळं एका अर्जात मागता येतं, आणि कुणाला तुरुंगात घालायच्या आधी बाईला सुरक्षित करणं हा त्याचा रोख आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्र असतं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. बाईला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, तिथे वकील मोफत मिळतो. १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. हे मला कोणी सांगितलं नाही, असं मी पुष्कळ दिवस म्हणत होतो. खरं म्हणजे मी कोणाला विचारलं नव्हतं. मला फिर्याद हवी होती.

मधे समझोत्याची बैठक झाली. दोन्हीकडची जाणती माणसं बसली, त्याने सगळ्यांदेखत दर महिन्याला पैसे द्यायचं आणि तिचे दागिने परत करायचं कबूल केलं. पोटगीचा अर्ज मागे घ्या, एवढीच त्याची अट. वडीलधाऱ्यांच्या शब्दाचा मान राखावा म्हणून मी बहिणीला अर्ज काढून घ्यायला लावला. न्यायालयासमोर लेखी काहीच केलं नाही. पैसे आले नाहीत, दागिने तर नाहीतच. पुन्हा अर्ज करावा लागला. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात ठरवून दिलं. तो खटला नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेला होता. दोघांनीही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं आणि आधीच्या प्रकरणांची माहिती सांगावी, हेही त्यातच आहे. नव्या अर्जाला आम्हाला त्याचा फायदा झाला. पण अर्जाच्या तारखेपासून म्हणजे दुसऱ्या अर्जाच्या तारखेपासून. मागे घेतलेल्या अर्जापासून मधला जो काळ होता, तो गेला.

हुकूम झाल्यावरही तो पैसे थकवायचा. मला वाटलं, हुकूम आहे ना, साठू दे, एकदम वसूल करू. थकलेली पोटगी वॉरंट काढून वसूल करायची तर ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १२५ मध्ये ही अट होती, आता नव्या संहितेच्या कलम १४४ मध्येही आहे. ती अट त्याला ठाऊक होती. वर्ष उलटायची वाट बघून तो थोडेसे पैसे भरायचा, आम्ही खूश व्हायचो, आणि मागचे महिने वसुलीबाहेर जायचे.

त्याला कायद्याची बारीकसारीक माहिती होती याचं मला पहिल्यांदा नवल वाटायचं. आता वाटत नाही. संसारात तो तिच्यावर जी पाळत ठेवायचा, ती घटस्फोटानंतर त्याने तारखांच्या रूपाने ठेवली. ती कुठे राहते, काय कमावते, कोणाशी बोलते, हे सगळं त्याला प्रतिज्ञापत्रांतून घरबसल्या कळत होतं. तिने शिवणकाम सुरू केलं की पोटगी कमी करण्याचा अर्ज यायचा. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत, घरात माणूस सुटू शकत नाही अशा वेळी, पलीकडची तारीख लागायची आणि तिथे गेल्यावर त्याच्याच वकिलाने मुदत मागितलेली असायची. तिला कोर्टाच्या व्हरांड्यात त्याच्यापासून हातभर अंतरावर दिवसभर बसावं लागायचं. इतर देशांत यावर कायदे झालेत. इंग्लंडने २०२१ च्या कायद्याने स्पष्ट केलं, की छळणारा माणूस अर्ज करकरूनच छळत असेल तर परवानगीशिवाय त्याचा मुलांबाबतचा पुढचा अर्ज घेऊ नये असं न्यायालय ठरवू शकतं. आपल्याकडे महाराष्ट्रात १९७१ पासून विनाकारण खटले लावणाऱ्यांना आवर घालणारा कायदा आहे, पण त्यासाठी महाधिवक्त्यांनी उच्च न्यायालयात जावं लागतं. खेड्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईसाठी ते कधी होणार?

पलीकडची प्रकरणं इकडे आणावीत म्हणून मी आधी आमच्याच जिल्ह्यात खटपट केली. एका राज्यातल्या न्यायालयातून दुसऱ्या राज्यात प्रकरण फक्त सर्वोच्च न्यायालय हलवू शकतं. पैनगंगेवरचा डोल्लाऱ्याचा पूल ओलांडला की महाराष्ट्र. आमच्या सोयरिकी दोन्हीकडे आहेत, बाजार दोन्हीकडे आहे. पण त्या पुलावरून एक फाइल यायची तर वाट दिल्लीवरून जाते. हे कळेपर्यंत घटस्फोटाचा निकाल लागून गेला होता. खटल्याच्या आणि जाण्यायेण्याच्या खर्चाची मागणी त्याच दाव्यात करता आली असती. तीही मी करू दिली नाही. त्याचा पैसा नको, असा माझा ताठा होता. खर्च मात्र बहिणीच्या बांगड्या मोडून झाला.

मुलाच्या ताब्याचा अर्ज त्याला इकडे करावा लागला, कारण मूल जिथे राहतं तिथल्याच न्यायालयात तो चालतो. न्यायालयाने ताबा आईकडेच ठेवला, आणि बापाला ठरावीक रविवारी भेट दिली. भेटीत तो मुलाला विचारायचा, आई फोनवर कोणाशी बोलते, मामा काय म्हणतो. मूल परत आलं की रात्री अंथरूण ओलं करायचं. भेटी न्यायालयाच्या आवारात, कुणाच्या तरी देखरेखीखाली व्हाव्यात म्हणून आम्ही अर्ज केला. न्यायाधीश मुलाशी एकट्याने बोलणार होते. आदल्या रात्री मी मुलाला समोर बसवलं आणि काय सांगायचं ते शिकवलं. बाबा मारतात असं म्हण, मला भेटायचं नाही असं म्हण. त्याला बापाने भेटीत मारलं नव्हतं. तो घाबरायचा, एवढंच खरं होतं.

त्याने आत जाऊन सांगितलं, मामाने असं सांगायला सांगितलंय.

त्या लेकराची भीती खरी होती आणि ती त्याने आपल्या शब्दांत सांगितली असती तर ऐकणाऱ्याला कळली असती. मी त्याच्या तोंडात माझे शब्द घातले आणि त्याचा बाप आधीपासून जे म्हणत होता, की माहेरचे लोक मुलाला शिकवतात, ते मी खरं करून दाखवलं. अर्ज नामंजूर झाला. भेटी पूर्वीसारख्याच चालू राहिल्या. मुलगा कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि मला त्याची समजूत घालता आली नाही, कारण त्याची काही चूक नव्हती.

त्यानंतर बहिणीने एक दिवस सगळ्या फायली माझ्या कपाटातून काढून आपल्याकडे नेल्या. भांडण नाही, तंटा नाही. म्हणाली, "आतापर्यंत वकिलाशी तूच बोलला. जज्जाले तूच कागद देल्ले. मले कोणी ईचारलंच नाही, भाऊ." विधी सेवा प्राधिकरणात जाऊन तिने स्वतः वकील घेतला, मराठी समजणारा. प्रत्येक कागद ती आता आधी मराठीत ऐकते, मग सही करते. थकलेल्या पोटगीचा अर्ज वर्षाच्या आत जातो. भेटीहून आल्यावर मूल काय बोललं हे ती वहीत त्याच दिवशी, त्याच्याच शब्दांत लिहिते, काही न वाढवता. पुढच्या वेळी भेटींबद्दलचा अर्ज त्या वहीच्या आधारे पुन्हा गेला तेव्हा भेट देखरेखीखाली झाली.

संसारात तिच्या वतीने तो बोलायचा आणि सुटका झाल्यावर मी बोलायला लागलो, ही गोष्ट मान्य करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी तिच्या भल्यासाठी बोलत होतो, यात शंका नाही. पण त्याने न्यायालयात जे जे मिळवलं, त्यातलं बरंचसं मी तिला न विचारता केलेल्या गोष्टींतून मिळवलं. त्याने न्यायालयाचा दुरुपयोग केला, त्याचा दोष त्याचाच. पण त्याला लागणारे कागद कुठून आले हे मला माहीत आहे. त्यातल्या कित्येकांवर माझं अक्षर आहे.

हे लिहून मी तिला वाचायला दिलं. मारहाणीचे दोन परिच्छेद तिने काढायला लावले, ते काढले आहेत. बाकीचं छापायला तिची हरकत नाही. पोटगी कमी करण्याचा त्याचा नवा अर्ज सध्या चालू आहे. शिलाईच्या कमाईचा हिशोब तिने स्वतः मांडून प्रतिज्ञापत्रात दिला आहे, आणि त्यानेही आपल्या शेताचा आणि व्यवसायाचा हिशोब द्यावा, अशी मागणी तिच्या वकिलाने केली आहे. त्याने अजून तो दिलेला नाही.